मोटारींतील आवाज व तो घरच्या घरीं कमी करण्याचे उपाय

नागपुराहून काटोल, उमरेड, वर्धा किंवा रामटेक ह्यांपैकीं कोणत्याहि बाजूस राहणाऱ्या बागाईतदाराच्या दारीं आज मोटार किंवा जीप असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. संत्र्याचे नमुने घेऊन कळमन्याच्या बाजारांत जाणें, बियाणें व औषधें आणणें, घरांतील आजारी माणसास शहरांत नेणें, हीं सर्व कामें तिच्यावरच चालतात. गाडीचें तेल, तिचीं चाकें, तिचा विमा यांची चिंता आपण वाहतों. परंतु तिच्यांत बसल्यावर दोन-दोन तास कानांवर जो मारा होतो त्याची मोजदाद कोणी करीत नाहीं. आवाज हा वाहनाचा धर्मच आहे असें आपण धरून चालतों. ही समजूत बरीचशी चुकीची असून, थोडी माहिती व दोन दिवसांची मेहनत खर्च केल्यास जुन्या गाडींतहि पुष्कळ फरक पाडतां येतो.

मोटारीच्या आवाजानें माणूस बहिरा होतो असें म्हणणें मात्र अतिशयोक्तीचें होईल. बंद मोटारींत साधारण वेगानें जातांना आवाज बहुधा सत्तर डेसिबलच्या आसपास असतो. त्यानें शीण येतो, डोकें जड होतें, शेजारच्याचें बोलणें तुटक ऐकूं येतें, पण कानाच्या आंतील तंतु सहसा मरत नाहींत. ते मरतात ट्रॅक्टरवर व मळणीयंत्रापाशीं. अमेरिकेंतील नायॉश ह्या सरकारी संशोधनसंस्थेच्या शिफारशीप्रमाणें माणसानें ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसास ८ तासांहून अधिक राहूं नये, व पुढें दर ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी करावी. म्हणजे ९४ डेसिबलला १ तास व १०० डेसिबलला अवघीं १५ मिनिटें. केबिन नसलेला ट्रॅक्टर नांगरास जुंपला असतां चालकाच्या कानाशीं आवाज ९० ते १०० डेसिबलपर्यंत सहज जातो. जो मनुष्य सकाळीं सहा तास ट्रॅक्टर हांकतो व दुपारीं गडगडणाऱ्या जीपमध्यें बसून बाजारास जातो, त्याच्या कानास विसांवा असा मिळतच नाहीं.

ह्या बहिरेपणाची सुरुवात कशी होते हें प्रत्येक शेतकऱ्यानें जाणून घेण्यासारखें आहे. प्रथम सेकंदास सुमारे ४००० कंपनांचे बारीक, तीक्ष्ण स्वर जातात. जाडे स्वर तसेच राहतात. त्यामुळें मनुष्यास ऐकूं येतें, पण उमजत नाहीं. 'स', 'श', 'थ', 'फ' हीं अक्षरें गळूं लागतात. लिलावांत 'सात हजार साठ' पुकारलें तें ह्यास 'सात हजार आठ' ऐकूं येतें, आणि तो मनांत म्हणतो कीं हल्लींचे अडते तोंडांतल्या तोंडांत बोलतात! गेलेले तंतु कोणत्याहि औषधानें परत येत नाहींत. म्हणून गाडींत बसण्याचा वेळ तरी कानांस शक्य तितका शांततेचा मिळावा, इतकाच ह्या खटाटोपाचा हेतु.

आतां मूळ विषयाकडे वळूं. दुखणें ओळखल्याशिवाय औषध देऊं नये. गाडींतील आवाज तीन ठिकाणांहून येतो: यंत्राकडून, चाकांकडून व वाऱ्याकडून. कोणाचा वांटा किती हें ठरविण्यास कसलेंहि उपकरण लागत नाहीं. गाडी उभी करून यंत्राची गति वाढवून पाहावी. जो घुमारा उठेल तो यंत्राचा. नंतर मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगानें एकदां वरच्या व एकदां खालच्या गिअरमध्यें जावें. वेग तोच असतां जो आवाज बदलतो तोहि यंत्राचा, व जो बदलत नाहीं तो चाकांचा आणि वाऱ्याचा. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी चढतांच जो सूर एकाएकीं चढतो तो केवळ चाकांचा. नागपुरांतील बहुतेक मोठे रस्ते आतां सिमेंटचे झालेले आहेत, आणि मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्गहि सिमेंटचाच आहे. पाणी निघून जावें व चाक घसरूं नये म्हणून अशा रस्त्यांवर बारीक रेघा काढलेल्या असतात. त्या जेथें आडव्या असतात तेथें टायर त्यांवरून जातांना एकसारखा गुणगुणतो. ही परीक्षा आमच्या बाजूच्या माणसास रोज घडते, फक्त कान देऊन ऐकावें लागतें.

येथें एक सूचना आवश्यक वाटते. पूर्वीं बंडीचा आंख कुरकुरूं लागला म्हणजे गाडीवान उतरून वंगण घालीत असे. कुरकूर हें गाडीचें बोलणें होतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. वेगाबरोबर वाढणारी व वळणावर बदलणारी 'घूं घूं' बहुधा चाकाच्या झिजलेल्या बेअरिंगची असते. खालून येणारा फटफटाट फुटलेल्या सायलेन्सरचा. खड्ड्यांतील 'ठक्' सस्पेन्शनच्या वाळलेल्या रबरी बुशांचा. असे आवाज झांकणें म्हणजे लंगड्या बैलाचा पाय झुलीखालीं लपविणें होय. प्रथम मिस्त्रीकडून दुरुस्ती करून घ्यावी, टायर वेडेवांकडे झिजले असल्यास बदलावे, हवा कंपनीनें सांगितली तितकी भरावी. कित्येकांचें काम इतक्यावरच भागतें व पुढील खर्च वांचतो.

ह्यानंतरचें काम छिद्रांचें. ह्या बाबींत लोकांची समजूत फार अपुरी असते. भिंत कितीहि जाड केली तरी तिच्या क्षेत्राचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी ती २० डेसिबलहून अधिक आवाज अडवूं शकत नाहीं. दहावा भाग उघडा असेल तर १० डेसिबलहून अधिक नाहीं. विहिरीच्या पाटाचें जसें, तसेंच हें: एका उंदराच्या बिळांतून सारें पाणी जातें. पेंच व्याघ्रप्रकल्पांतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, सिवनी जिल्ह्यांत, वन्य पशूंस वाहनांचा गोंगाट व दिव्यांचा झोत लागूं नये म्हणून रस्त्याच्या कडेस सुमारे चार मीटर उंचीच्या भिंती उभारल्या आहेत. नागपुराहून जबलपुराकडे जाणाऱ्यांनीं त्या पाहिल्याच असतील. तेथेंहि तत्त्व हेंच: भिंत जड असावी, आणि सलग असावी.

गाडींतील छिद्रें शोधण्याची सोपी रीत अशी. रात्रीं काळोखांत एकानें आंत बसून दारें लावून घ्यावीं व दुसऱ्यानें बाहेरून दारांच्या कडांवर, बॉनेटखालच्या भिंतीवर व तळाशीं विजेरीचा उजेड पाडावा. जेथून उजेड आंत येतो तेथून आवाज येतोच. दाराच्या रबराची परीक्षा कागदाच्या पट्टीनें करावी: पट्टी दारांत धरून दार लावावें व ओढावी, ती सुळकन् निघाली तर तेथें रबर बसलेलें आहे असें समजावें. नागपूरच्या उन्हानें सात-आठ वर्षांत रबर वाळून चपटें होतें. तें नवें बसविण्यास दोन माणसें व एक सकाळ पुरते. यंत्र व बैठक यांमधील पत्र्याच्या भिंतींतून वायरी, स्टिअरिंगचा दांडा व तारा आंत येतात; त्यांभोवतींच्या रबरी टोप्या फाटल्या असल्यास बदलाव्या. आमच्या अनुभवाप्रमाणें रुपयामागें सर्वांत अधिक गुण ह्याच कामाचा येतो, व दुकानदार ह्याविषयीं सर्वांत कमी बोलतात, कारण त्यांत विकण्यासारखें फारसें नसतें.

छिद्रें बुजल्यावर पत्रा. पितळेच्या ताटावर टिचकी मारली म्हणजे तें झणझणतें. त्यास नुसतें बोट लावलें कीं नाद तुटतो. बोटाचें वजन तें काय! पण तें कंपनाची शक्ति शोषून घेतें. मोटारीचीं दारें, छप्पर व तळ हीं अशींच पातळ ताटें आहेत. बाजारांत ब्यूटाइल रबराचे तक्ते मिळतात. त्यांच्या एका अंगास चिकट रबर व दुसऱ्या अंगास अॅल्युमिनिअमचा पत्रा असतो. पत्रा थरथरूं लागला म्हणजे मधलें रबर दोन्हींकडून ओढलें जातें व कंपनाची उष्णता होऊन जाते. साधारण दोन मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचें वजन चौरस मीटरास तीन ते चार किलो भरतें. हा तक्ता सर्व पत्राभर लावण्याचें कारण नाहीं. प्रत्येक पत्र्याच्या मध्यभागीं, जेथें तो अधिक थरथरतो तेथें, चौथा ते तिसरा हिस्सा झांकला तरी बहुतेक गुण येतो. बोटाच्या पेरानें ठोकून पाहावें; 'टण्' असें वाजेल तेथें लावावा, 'ठप्' असें वाजेल तेथें सोडावा. लावण्यापूर्वीं धूळ व तेल स्पिरिटनें पुसून काढावें आणि लांकडी लाटण्यानें असें दाबावें कीं खालीं हवेचा फुगा राहणार नाहीं.

येथें आमच्याकडून घडलेल्या दोन चुका सांगितल्या पाहिजेत, म्हणजे वाचकांचे पैसे वांचतील. आमची गाडी जुनी, डिझेलची. पहिल्या खेपेस स्वस्ताईच्या मोहानें छपराची गळती बुजविण्याचे डांबरी पट्टे एका दुकानांतून आणून दारांत लावले. हिंवाळाभर काम छान झालें. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला, उभ्या गाडीचा पत्रा हातास सोसवेना, आणि डांबर पघळून कांचेच्या खांचेंत उतरलें. गाडींत बसावें तर वास असा कीं रस्त्याचें काम चालू आहे! तें सारें घासलेटानें पुसून काढण्यास तीन दिवस लागले. दुसरी चूक अज्ञानाची. दाराच्या तळाशीं जीं लहान भोंकें असतात तीं आवाजाचीं वाटा समजून आम्हीं बुजविलीं. तीं वस्तुतः कांचेवरून आंत उतरलेलें पावसाचें पाणी निघून जाण्यासाठीं असतात. श्रावण संपेपर्यंत दार उघडतांना आंत पाणी हिंदकळत असे, व पुढच्या वर्षीं तळचा पत्रा गंजून गेला. कोणतेंहि भोंक बुजविण्यापूर्वीं त्याचें काम काय हें विचारून घ्यावें.

तिसरी पायरी शोषणाची. पत्र्यांतून आलेला आवाज आंतल्या कठीण अंगांवर आपटून पुन्हां पुन्हां फिरतो. त्यास मऊ व सच्छिद्र वस्तूंत अडकवावें लागतें. ह्या कामांत आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या मुख्य पिकाचा संबंध येतो, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. मोटारींचे कारखाने गालिच्याखालीं व छपरांत जो नमदा, म्हणजे दाबून केलेलें जाड कापड, घालतात तो पुष्कळदां जुन्या सुती कापडाच्या चिंध्या पिंजून निघालेल्या धाग्यांचाच असतो. कापसाच्या तंतूंच्या जाळ्यांत हवा अडकते, ध्वनीची लहर तींतून जातांना घासते व मंद होते. तेव्हां पऱ्हाटीवर पिकलेला कापूस फिरून आमच्याच पायांखालीं येतो म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु ह्यावरून घरचा सरकी काढलेला कापूस दारांत कोंबूं नये. कारखान्यांतला नमदा आग लवकर लागूं नये म्हणून प्रक्रिया केलेला असतो. कोरा कापूस एका ठिणगीनें पेटतो, हें जिनिंगच्या आगी पाहिलेल्यांस सांगावयास नको. शिवाय तो ओल धरतो, आणि उंदरांस घर मिळतें. उंदीर आला कीं तो कापसावर थांबत नाहीं, वायरीहि कुरतडतो. घरगुती वस्तूच वापरावयाची असेल तर त्यापेक्षां जुनी लोकरीची घोंगडी बरी. लोकर मुळांतच कापसापेक्षां पेटण्यास कठीण, आणि तिच्या अंगीं आवाज गिळण्याचा गुण चांगला. पायांखालचा गालिचा उचलून, खालचा पत्रा कोरडा असल्याची खात्री करून, त्यावर घोंगडीचा दुपदरी थर अंथरावा. कसर लागूं नये म्हणून वर्षांतून एकदां काढून उन्हांत टाकावी. दारांच्या आंत मात्र घोंगडीहि नको. तेथें पाणी न शोषणारा बंद छिद्रांचा फोम लावावा. बॉनेटखालीं व सायलेन्सरच्या नळीजवळ उष्णता सोसणारा, त्या कामासाठींच तयार केलेला माल सोडून दुसरें कांहीं वापरूं नये.

मऊ थराकडून सर्व प्रकारच्या आवाजाची अपेक्षा करूं नये, हेंहि सांगून ठेवतों. अडीच सेंटिमीटर जाडीचा नमदा बारीक स्वर, म्हणजे वाऱ्याची शीळ व टायरची सळसळ, उत्तम गिळतो. परंतु चार सिलिंडरचें यंत्र मिनिटास ३००० फेऱ्या करितें तेव्हां सेकंदास १०० स्फोट होतात, व त्या घुमाऱ्याची लहर इतकी लांब असते कीं ती शोषण्यास ८५ सेंटिमीटर जाडीचा थर लागेल. मग बसावयाचें कोठें? त्या घुमाऱ्यास उपाय दोनच: यंत्राखालचे थकलेले रबरी आधार बदलणें, व पत्र्यास वजन देणें. वजनाचा हिशेब असा कीं पत्र्याचें वजन दुप्पट केलें तर अडणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनें वाढतो. म्हणून तळावर वजनदार रबरी पट्टा घालणें फायद्याचें. पण सर्व गाडीभर घातल्यास तेल जास्त लागतें. एकंदर पंचवीस-तीस किलोंवर भार वाढवूं नये, असा आमचा सल्ला आहे.

काम करतांना सावधगिरी ठेवावी ती अशी. आधीं बॅटरीची ऋण तार काढावी. नव्या गाड्यांच्या खांबांत, बैठकींत व छपराच्या कडेस अपघाताच्या वेळीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. तेथील आवरणें मुळींच उघडूं नयेत. कांच खालींवर होण्याच्या मार्गांत कांहीं चिकटवूं नये. दाराच्या आंतील प्लास्टिकचा पडदा पाणी अडविण्यासाठीं असतो, तो फाडल्यास पुन्हां नीट चिकटवावा. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर हमीपत्र आधीं वाचावें.

फळ किती? सर्व काम नीट झाल्यास तीन ते पांच डेसिबल कमी होणें हें चांगलें यश समजावें. हा आंकडा लहान वाटतो. परंतु ३ डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची शक्ति निम्म्यावर आली. कानास अर्धा वाटण्यास मात्र १० डेसिबल लागतात, तेव्हां गाडी देवघरासारखी शांत होईल ह्या जाहिरातींवर विश्वास ठेवूं नये. हातांतल्या फोनमधील मापक अगदीं अचूक नसतो, तथापि एकाच रस्त्यावर, एकाच वेगानें, कांचा लावून कामाआधीं व कामानंतर मोजल्यास फरक कळण्यापुरता तो पुरे आहे. मोजण्याची ही संवय आपल्या शहरास नवी नाहीं. १९५८ सालीं नागपुरांत स्थापन झालेल्या व १९७४ पासून 'नीरी' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें राज्यांतील अनेक शहरांच्या गोंगाटाचें मोजमाप केलेलें आहे.

आणि एक उपाय असा आहे कीं ज्यास दमडी लागत नाहीं, म्हणून तो कोणी करीत नाहीं. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्यानें वाढतो. वेग दुप्पट झाला तर सुमारे १८ डेसिबल. समृद्धि महामार्गावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मुभा आहे. तेथें १०० नें गेल्यास वाऱ्याचा आवाज जवळजवळ पांच डेसिबल उतरतो, टायरचाहि दोन-अडीच उतरतो. म्हणजे दोन दिवस खपून व हजारों रुपये घालून जें मिळवावयाचें तें पाय थोडा उचलल्यानें मिळतें, वर तेलहि वांचतें. नागपूर ते वर्धा एवढ्या अंतरास वेळेचा फरक आठ-दहा मिनिटांहून जास्त पडत नाहीं.

ट्रॅक्टरविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाहीं. उघड्या ट्रॅक्टरवर भिंतच नाहीं, तेव्हां वरील उपायांपैकीं फारच थोडे लागू पडतात. पाय ठेवण्याच्या पत्र्यावर जाड रबरी चटई, खिळखिळ्या मडगार्डांचे बोल्ट रबरी वायसर घालून आवळणें, व उन्हासाठीं लावलेल्या पत्र्याच्या छताच्या खालच्या अंगास फोम, इतकें करावें. कारण तसलें छत यंत्राचा आवाज उलट चालकाच्या डोक्यावर परतवितें. सायलेन्सर काढून टाकल्यानें ट्रॅक्टरला जोर येतो ही खुळी कल्पना पोरांच्या डोक्यांतून काढावी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणें ट्रॅक्टरलाहि सायलेन्सर असणें बंधनकारक आहे. आणि त्या आवाजावर मात करण्यासाठीं मोठ्यानें गाणीं लावणें म्हणजे आगींत तेल. खरा उपाय कानांत घालावयाच्या फोमच्या बुचांचा; तीं औषधांच्या दुकानीं थोडक्यांत मिळतात. बूच बोटांत वळून बारीक करावें, दुसऱ्या हातानें कान वर-मागें ओढून आंत सारावें व फुगेपर्यंत धरावें. नुसतें कानाच्या तोंडाशीं अडकविलें तर उपयोग नाहीं. घरचा मुलगा ट्रॅक्टर हांकतो त्यास घालावयास लावावें, तसेंच सालदारासहि द्यावें. त्याचा कान कांहीं वेगळ्या मातीचा नसतो.

मोटारीच्या कामास आमच्या भागांत फेब्रुवारी-मार्चचे दिवस उत्तम. कापसाची वेंचणी आटोपलेली असते, पत्रा इतका उबदार असतो कीं ब्यूटाइल चांगलें धरतें, आणि पावसास अवकाश असल्यामुळें गालिचा व नमदा दोन दिवस उन्हांत पसरून ठेवतां येतात. पहिला पाऊस पडून गेल्यावर मात्र एकदां चारहि दारें उघडून तळाच्या भोंकांतून पाणी बाहेर येतें कीं नाहीं तें पाहून घ्यावें.